जैतूच्या छातीतला चुना

जैतू मेला त्याला दोन महिने झाल्यावर संगीता त्याच्या घरी गेली, आणि तीही भेटायला नव्हे, फॉर्म भरायला.

फॉर्म पाच पानांचा होता. वर ठळक छापलं होतं, 'घटना पत्रक'. मुंबईतली एक संशोधन संस्था तीन वर्षांपासून शहापूर तालुक्यात हृदयरोगाचा अभ्यास करत होती. बाराशे माणसांचं रक्त घेऊन झालं होतं. त्यांतल्या तीनशे जणांना बसने मुंबईला नेऊन त्यांच्या छातीचा स्कॅन काढला होता. आता दर सहा महिन्यांनी त्यांच्या दारात जाऊन विचारायचं, कुणाला झटका आला का, कुणी दवाखान्यात पडलं का, कुणी मेलं का. मेलेल्या माणसाला फॉर्मवर 'घटना' म्हणत. ही घरोघर फिरण्याची नोकरी संगीताची होती. ती डोळखांबच्या वरच्या काजळपाड्याचीच, ठाकराची पोर. शेणव्याला राहून बारावी झालेली पाड्यातली पहिली मुलगी. म्हणूनच तिला घेतलं होतं. परक्या माणसाला पाड्यावर कुणी हात पुढे करून रक्त दिलं नसतं.

जैतूची बायको बुधी ओट्यावर बसून नाचणी पाखडत होती. संगीता समोर बसली. तिने फॉर्म मांडीवर ठेवला. मग पेन काढलं.

"मरायच्या आधी त्याच्या छातीत दुखायचं का?"

"मला काय ठावं गो. तो कुठं बोलायचा."

"डावा हात दुखायचा? जबडा? दरदरून घाम यायचा?"

"भट्टीवर सगल्यांनाच घाम येतो." बुधीने सूप खाली ठेवलं. "भर दुपारी इटा वाहत होता. चालता चालता खाली बसला. मी म्हटलं, उठ रे, मुकादम बघतोय. तर तो आडवाच झाला. झालं. लिव."

संगीताने लिहिलं. भिवंडीच्या बाजूची वीटभट्टी, एप्रिल २००६, वय बेचाळीस.

"आता मी इचारते," बुधी म्हणाली. "तेच्या छातीचा फोटू काढलाता तुमी. मुंबईला नेऊन. त्या फोटूत काय दिसलं?"

"मला नाय माहीत, वयनी. ते आमाला दाखवत नाय."

"तीन वर्सं झाली, नाय माहीत?" बुधीचा आवाज चढला. "तो जायला तयार नव्हता. तूच आलीस. म्हणालीस, जैतूदादा, तू बसमधी बसलास तर बाकीचे बसतील. तो बसला. तेच्या मागनं आख्खा पाडा बसला. आन् तू मला आता इचारतेस घाम येत होता का? ऊठ. जा हितून."

संगीता उठली. वाटेत तिला तो दिवस आठवत राहिला. सप्टेंबर २००३. भाताची लावणी उरकली होती. शाळेच्या पडवीत जैतू अंगठा लावायला बसला होता आणि तिने त्याला संमतीपत्र वाचून दाखवलं होतं. त्यातलं सातवं वाक्य तिला पाठ होतं, कारण ते तिने चारशे माणसांना तरी वाचून दाखवलं होतं. 'तपासणीत काही गंभीर आढळल्यास आपणांस कळवले जाईल.' जैतू हसला होता. "कळवाल ना गो नक्की?" असं विचारून त्याने शाईत अंगठा बुडवला होता. आणि ती म्हणाली होती, "मी सोता येईन सांगाया."

शहापूरला एसटी स्टँडच्या मागे दोन भाड्याच्या खोल्यांत अभ्यासाचं ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत वाशिंदचा ज्ञानेश्वर कॉम्प्युटरवर आकडे भरायचा. आतल्या खोलीत स्कॅनच्या रिपोर्टांचं लोखंडी कपाट होतं. फॉर्म ठेवायला म्हणून कपाटाची किल्ली संगीताकडे असे, पण खालच्या कप्प्यातली पाकिटं उघडायची नाहीत असा नियम होता. निकाल आधीच ठाऊक असला तर विचारणारा माणूस मरणाकडे वेगळ्या नजरेने बघतो, म्हणून. तीन वर्षं तिने हा नियम पाळला होता. त्या दिवशी दुपारी ज्ञानेश्वर जेवायला गेला आणि तिने खालचा कप्पा उघडला. जैतूचं पाकीट काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आत इंग्रजी कागद होते. तिला त्यातले आकडे तेवढे कळले. एका चौकटीत लिहिलं होतं, ७३८. खाली तारीख, ऑक्टोबर २००३.

तो कागद घेऊन ती दुसऱ्या दिवशी डोळखांबच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर अनिता भेरे शहापूरच्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या, तिशीच्या आतबाहेर. त्यांनी कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"कुणाचा आहे हा? आहे कुठे तो?"

"मेला. एप्रिलमध्ये."

डॉक्टर अनितांनी खुर्ची पुढे ओढली. कागदावर बोट ठेवलं. "हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या असतात. त्यांच्या भिंतीत चरबी साचते आणि जुनी झाली की तिच्यात चुना धरतो. स्कॅनमध्ये तो चुना पांढरा दिसतो, आणि मोजता येतो. तुझ्यामाझ्या वयाला हा आकडा शून्य पाहिजे. चारशेच्या वर गेला की धोका फार. याचा सातशे अडतीस. चाळिशीच्या आतच!"

"पण तो तर काडीसारखा होता, मॅडम. तेल म्हंजे काय ते पाव्हणा आला तरच घरात."

"तेही इथे आहे बघ, रक्ताच्या रिपोर्टात. चरबी रक्तात विरघळत नाही. बारीक कणांत भरून फिरते. त्या कणांना लिपोप्रोटीन म्हणतात. त्यांतली एक वाईट जात आईबापाकडून येते. तुपात न्हा नाहीतर नाचणी खा, ती तेवढीच राहते. तीसपर्यंत चालते. याची एकशे बेचाळीस."

"औषध नव्हतं?"

"या जातीला नाही. पण दुसरी चरबी गोळीने खाली आणता येते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन देता येतं. बिडी सोडायला लावता येते. डोक्यावर विटा वाहू नकोस असं तरी सांगता येतं."

"वाचला असता?"

"ते मी छातीठोक नाही सांगणार. कदाचित वाचला असता, कदाचित नाही." त्या आता चिडल्या होत्या. "माझ्या वडिलांनी गेल्या वर्षी मुंबईत हाच स्कॅन केला. आकडा आला दोनशे दहा. त्याच दिवशी तीन गोळ्या सुरू, महिन्याने परत बोलावलं. आणि तो स्कॅन कुठे केला ठाऊक आहे? या कागदावर ज्या सेंटरचं नाव आहे ना, तिथेच."

त्या आठवड्यात अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर निरगुडकर महिन्याच्या फेरीला शहापूरला आले. गोड बोलणारे, संगीताला 'बाळ' म्हणणारे गृहस्थ. तिने जैतूचा कागद त्यांच्या पुढ्यात टाकला.

त्यांनी चष्मा काढला. "हे तुझ्याकडे यायला नको होतं, बाळ."

"त्याच्याकडे जायला पाहिजे होतं. मी वाचून दाखवलंय त्याला, गंभीर असेल तर कळवू म्हणून. माझ्या तोंडाने."

"गंभीर म्हणजे तातडीचं. चालू झटका, गाठ, असं काही. या माणसाला काही त्रास नव्हता. त्रास नसलेल्या माणसात हा आकडा नेमकं काय सांगतो, त्यातही आपल्याकडच्या, अंगमेहनत करणाऱ्या, बारीक अंगाच्या माणसात, हेच कुणाला ठाऊक नाही. म्हणून तर अभ्यास. कोलेस्टेरॉलवरून अंदाज बरोबर येतो, की लिपोप्रोटीनवरून, की स्कॅनवरून? याचं उत्तर मिळालं तर पुढे लाखो लोकांना फायदा होईल."

"आन् उत्तर कसं मिळणार?"

"पाच वर्षं पाहावं लागतं."

"म्हंजे कोण मरतं ते बघायचं."

"संगीता—"

"मरायला दिला तुमी त्याला! गोळी दिली असती तर तुमचा अंदाज चुकला असता, म्हणून नाय दिली. मुंबईतल्या माणसाला त्याच मशीनमधून काढून त्याच दिवशी गोळी देता. त्याच्या वेळेला तुमाला ठाऊक असतं आकडा काय सांगतो. आमच्या वेळेलाच नेमका अभ्यास लागतो होय?"

"आवाज खाली कर. सगळे रिपोर्ट अभ्यास संपल्यावर द्यायचेच होते. लांबलं, हे मी मान्य करतो. पण तू नियम मोडलायस. किल्ली दे."

तिने किल्ली टेबलावर आपटली. ती घसरत खाली पडली. वाकून उचलली डॉक्टरांनीच.

बाहेरच्या खोलीत ज्ञानेश्वर कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर तो तिला शोधत आला आणि चार घड्या केलेला कागद त्याने तिच्या हातात कोंबला.

"शंभराच्या वरचे सगळे. सव्वीस नावं आहेत. तिघं गेलेत. माझं नाव कुठं काढू नको, मला घर चालवायचंय."

यादीत नवव्या नंबरला तिचा काका होता. पोश्या, बापाचा धाकटा भाऊ. आकडा ५१२.

तेवीस माणसं, सात पाडे. ओढ्यांना पाणी होतं, एसटी कुठपर्यंत येईल त्याचा भरवसा नव्हता. ती अकरा दिवस चालली. यादी कुणाला दाखवली नाही. ज्याचं त्याला, त्याच्या घरात बसून, त्याच्यापुरतं सांगितलं. छातीत चुना धरलाय म्हटल्यावर निम्म्या लोकांनी आपली तंबाखूची पिशवीच बाहेर काढली. डबीतला चुना नव्हे रे, हा अंगातच तयार होतो, हे तिला प्रत्येक घरात पहिल्यापासून समजवावं लागलं. चिंचेच्या पाड्यावरचा कमळू ऐकता ऐकता रडायला लागला. "मंग मी कदी मरणार?" एवढंच तो परत परत विचारत होता, आणि मरणारच असं नाही हे त्याच्या गळी उतरेना. खालच्या पाड्यावर गुणाबाईने तर नवऱ्याला आत ढकलून दार लावून घेतलं. "चांगल्या माणसाला कशाला घोर लावतेस? गेली तीन वर्सं कुठं होतीस?" दाराबाहेर संगीता चिखलात उभी राहिली. गुणाबाईवर रागावून उपयोग नव्हता, ती खोटं बोलत नव्हती. तिला राग आला तो स्वतःचा. तीन वर्षं किल्ली कमरेला लावून ती हिंडत होती, आणि त्या पाकिटांत काय आहे हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

जे आले त्यांना डॉक्टर अनितांनी तपासलं. ॲस्पिरिन दवाखान्यात होतं, ते दिलं. कोलेस्टेरॉलची गोळी सरकारी यादीत नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी संस्थेच्या नीतिसमितीला पत्र लिहिलं. माणसांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेत अशी समिती असतेच, आणि मंजूर करताना तिने काय अट घातली होती ते कागदावर असतंच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पत्राला सातव्या वाक्याची प्रत जोडली. इकडे संगीताला नोटीस आली. गोपनीय माहिती चोरल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे, पोलिसांत तक्रार का करू नये याचा खुलासा आठ दिवसांत द्यावा. तिने खुलासा एका ओळीचा दिला. 'करा तक्रार, मी कोर्टात सातवं वाक्य वाचते.' तक्रार झाली नाही.

ऑगस्टच्या शेवटी समितीचे दोन सदस्य डॉक्टर निरगुडकरांबरोबर डोळखांबला आले. शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. पन्नासेक माणसं येतील अशी तयारी होती, आली तीनशेच्या वर. बाया पुढे जमिनीवर बसल्या. समितीतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात जोडून सुरुवात केली, की तुम्ही विज्ञानासाठी फार मोठं योगदान दिलंत.

बुधी उभी राहिली. नवरा मेल्यापासून ती पाड्याबाहेर आली नव्हती.

"योगदान म्हंजे काय ते सांगा मला," ती म्हणाली. "माझा नवरा मेला ते?"

डॉक्टर निरगुडकर उठले. "ताई, तुमच्या दुःखात आम्ही—"

"दुख्ख माझं मी बघीन. तुमी एवढंच सांगा. फोटू तुमच्या हातात आला, तेच्यात दिसलं हा माणूस मराया टेकलाय. त्या दिवशी तुमी काय केलं?"

"रिपोर्ट फाइल केला."

"मंग?"

"मग... पुढच्या माणसाचा पाहिला."

मागच्या बाजूने कुणीतरी शिवी घातली. पुरुष उठून उभे राहिले, बाकं सरकली, दोघंतिघं व्यासपीठाकडे निघाले. डॉक्टर अनिता आडव्या गेल्या. संगीताही पुढे झाली, पण तिने कुणाला थांबवलं नाही. ती व्यासपीठावर चढली, तिथला माइक घेतला आणि संमतीपत्र वाचायला लागली. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. आवाज फाटला होता. सातव्याला आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "हे वाक्य माझ्याकडनं तुमी सगल्यांनी ऐकलंय. मी खोटी पडले. मला आदी शिव्या द्या, मंग त्यांना द्या."

शिव्या कुणी दिल्या नाहीत. पण तिच्याकडे कुणी मायेने बघितलंही नाही. उभे राहिलेले पुरुष तसेच उभे राहिले, आणि उत्तर मिळाल्याशिवाय गाडी जाऊ देणार नाही असं त्यांनी शांतपणे सांगितलं. संध्याकाळी साडेपाचला समितीच्या बाईंनी तिथेच बसून हाताने कागद लिहिला. प्रत्येकाला त्याचा रिपोर्ट मराठीत एक महिन्याच्या आत मिळेल. शंभराच्या वर आकडा असलेल्यांच्या गोळ्या संस्था डोळखांबच्या दवाखान्यात पोचवेल, अभ्यास संपला तरी पुढे. तोवर नवीन रक्त घेणं बंद. खाली तिघांच्या सह्या झाल्या. डॉक्टर निरगुडकरांनी सही करताना मान वर केली नाही. त्यांच्याकडून अभ्यास काढून घेतला, पण ते संस्थेत आहेत, असं पुढे ज्ञानेश्वरकडून कळलं. ऐकून संगीताने तांब्या भिंतीवर फेकला.

रिपोर्ट एक महिन्यात नाही, अडीच महिन्यांनी आले. जैतूचा कागद संगीताने बुधीकडे नेला. बुधीने तो घेतला, पण तिला आत बोलावलं नाही. तो वाचून दाखवण्यासाठी तिने संगीताला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं.

दिवाळी झाली आणि भट्ट्यांचे टेम्पो पाड्याखालच्या सडकेवर लागले. मडकी, चादरी, कोंबड्या, पोरं, सगळं भरलं जात होतं. संगीता सकाळपासून सडकेवर होती. दवाखान्याने तिला कामावर घेतलेलं नव्हतं, तिने ते आपणहून अंगावर घेतलं होतं. ज्यांच्या गोळ्या होत्या त्यांना सहा महिन्यांच्या पाकिटांचे पुडके ती देत होती आणि मुकादमाशी भांडत होती. "हा माणूस डोक्यावर विटा वाहणार नाय. साच्यात विटा पाडेल, भट्टी पेटवेल, वाहणार नाय. वाहायला लावलंस तर मी तिथं येऊन बसेन."

पोश्या टेम्पोत चढून बसला होता. तिने पुडका त्याच्या मांडीवर टाकला.

"मला काय झालंय?" पोश्या म्हणाला. "रोज भाकर खातो, रोज हागतो. गोळ्या म्हाताऱ्यांना दे."

"काका, तू यातली एक रोज रात्री जेवल्यावर खायची. नाय खाल्लीस तर माझ्या दारात येऊ नको. मेलास तर मी रडणार नाय, आत्ताच सांगते."

"बोलतेस बग कशी," पोश्या शेजारच्याला म्हणाला. पण पुडका त्याने बंडीच्या खिशात घातला. टेम्पो मुरबाडच्या दिशेने गेला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोश्या परत आला. उन्हाने काळा ठिक्कर पडलेला, पण जिवंत. संगीता त्याच संध्याकाळी गेली आणि पुडका बघायला मागितला. पुडका रिकामा होता. तिला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की तो फारच खुशीत आहे.

"सगळ्या तूच खाल्ल्यास?"

पोश्याने पाय हलवले. "निम्म्या खाल्ल्या."

"आन् निम्म्या?"

"एक जण होता भट्टीवर. सावळी नावाच्या बाईचा नवरा, मोखाड्याकडचा. तेच्या छातीत कळ यायची इटा वाहताना. मी म्हटलं, घे बाबा, माझी पोर देते चांगली गोळी. मला तर काय होतच नव्हतं."

संगीता ओरडली. लागूनच्या घरातून तिची आई बाहेर आली, शेजारची दोन घरं बाहेर आली. गोळ्या म्हणजे काय तंबाखू आहे का एकमेकाला द्यायला, तुला काय डॉक्टर केलाय कुणी, ती वाट्टेल ते बोलत होती. पोश्या ओशाळून ऐकत होता. "अगो, तेला कोण देणार होतं?" एवढंच मधे म्हणाला.

ती थांबली. दम लागला होता.

"अजून आहे तो भट्टीवर?"

"आठवडाभर असतील. शेवटची भट्टी उतरायची हाय."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाय गो ठावं. सावळीचा नवरा म्हणूनच हाक मारतात."

सकाळच्या एसटीने डॉक्टर अनितांकडे जायचं आणि तिथून मुरबाडला, असं तिने मनाशी ठरवलं. मग पोश्यापुढे हात केला. "भट्टी कुठली ते नीट सांग. कुठल्या फाट्यावर उतरायचं, मालक कोण, सगळं. आन् आजची गोळी खाल्लीस का?"

पोश्याने खिसे चाचपले. तिने आपल्या पिशवीतून एक गोळी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहिली.